आधी अशिलाचा खटला, मग वकिलाचा

१४ डिसेंबर १९५२, रविवारची सकाळ. हवाई बेटांतल्या सगळ्यात मोठ्या बेटावर होनोका नावाचं गाव आहे. तेव्हा ते ऊसमळ्यांवरच जगत होतं. तिथे मळेकामगारांच्या युनियनची सभा भरली होती आणि बोलायला उभ्या होत्या युनियनच्या वकील हॅरिएट बाउस्लॉग. त्या अर्धा तास बोलल्या. होनोलुलूच्या फेडरल कोर्टात आपण लढतोय तो खटला कसा चाललाय, तिथे काय काय भयंकर घडतंय, तो ज्या कायद्याखाली चाललाय त्यात माणसाला न्याय्य सुनावणी मिळणंच कसं शक्य नाही, असं सगळं साध्या भाषेत सांगितलं. श्रोत्यांत एक बातमीदार वहीत टिपणं घेत बसला होता.

त्या टिपणांवरून पुढे बाउस्लॉग यांची सनद एक वर्षासाठी निलंबित झाली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल लागायला १९५९ साल उजाडलं. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपात सापडलेल्या कामगार पुढाऱ्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे काय होतं, हे कळायला या एका बाईची वकिली पुरेशी आहे. फक्त आधी दोन-तीन कायदेशीर गाठी सोडवाव्या लागतील.

पहिली गाठ: संपाचे खटले लढवणारा वकील कम्युनिस्टांच्या खटल्यात पोचतोच कसा? याचं उत्तर विचारसरणीत शोधायला गेलं की चुकतं. उत्तर ऊसमळ्यात आहे.

हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता. तिथली साखर, जहाजं, बँका, दुकानं सगळं पाच कंपन्यांच्या हातात होतं, त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणत. मळ्यांवर जपानी, फिलिपिनो, चिनी, पोर्तुगीज मजूर. त्यांच्या वस्त्या वेगळ्या आणि बऱ्याच काळपर्यंत संपही वेगळे. १९०९ चा संप जपान्यांचा, १९२४ चा फिलिपिनोंचा. त्या १९२४ च्या संपात कवाई बेटावर हानापेपेला १६ संपकरी आणि ४ पोलीस मारले गेले. एका जातीचा संप दुसऱ्या जातीचे मजूर आणून मोडायचा, ही मालकांची जुनी युक्ती. ती मोडून काढली आय.एल.डब्ल्यू.यू. या गोदी कामगारांच्या युनियनने. १ सप्टेंबर १९४६ ला सुरू झालेल्या संपात ३४ पैकी ३३ मळे बंद पडले, सुमारे २६ हजार कामगार एकत्र उतरले आणि ७९ दिवस टिकले. घर, दवाखाना, सरपण मालकाच्या मर्जीने ‘फुकट’ देऊन मजुरी कमी ठेवायची पद्धत त्या संपाने संपवली.

संप म्हटला की अटका आल्या. शेकडो लोकांवर बेकायदा जमाव आणि दंगलीच्या कलमांखाली गुन्हे दाखल झाले. ते लढवायला युनियनने बाउस्लॉग यांना बोलावलं. जन्म १९१२ चा, वाढल्या इंडियानात, युद्धकाळात वॉशिंग्टनला कामगार तंट्यांच्या कामात होत्या. मायर सिमंड्स यांच्याबरोबर त्यांनी होनोलुलूत कचेरी थाटली आणि नुसता ‘माझ्या अशिलाने दगड मारला नाही’ असा बचाव न करता त्या थेट मुळाला भिडल्या. दंगलीचा कायदाच घटनेत बसत नाही, आणि माउई बेटावर खटला भरायचा की नाही हे ठरवणारी ग्रँड ज्युरी बहुतांश गोऱ्यांचीच असते, हे त्यांचे दोन मुद्दे. फेडरल कोर्टाने ते मान्य केले. अपील कोर्टाने पुढे तो निकाल फिरवला, पण तोवर मळेमालकांना कळून चुकलं होतं की या बाई तारखा घेऊन गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

ही युनियन उभी करणारे जे कार्यकर्ते होते, त्यांतले बरेच कम्युनिस्ट पक्षात होते किंवा पूर्वी होते. यात लपवाछपवी करण्यासारखं काही नाही, आणि हे लिहिताना ‘सगळे निष्पाप, खोटेच आरोप’ असा सूर लावणंही बरोबर नाही. रात्री वस्तीत जाऊन बैठका घेणारे, नोकरी गेली तरी न हलणारे लोक त्या काळात ज्या पक्षातून येत होते, तो हा पक्ष. म्हणून युनियनचा वकील हा, वेळ आली की, आपोआप त्यांचाही वकील. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ही वेळ जवळ आणली. युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी ‘मी कम्युनिस्ट नाही’ असं शपथपत्र द्यायचं, नाहीतर कामगार मंडळाचे दरवाजे त्या युनियनला बंद. एका फटक्यात पदाधिकाऱ्याचं राजकीय मत हा कामगार कायद्याचा विषय झाला.

दुसरी गाठ म्हणजे ज्या कायद्याखाली खटले झाले तो १९४० चा स्मिथ कायदा. नावावरून वाटतं की सरकार उलथवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना तो शिक्षा देत असेल. तसं नाही. बळाने सरकार उलथवणं आवश्यक किंवा योग्य आहे असं शिकवणं, त्याचा प्रचार करणं, तसं शिकवणारी संघटना उभारणं, हाच गुन्हा. त्यात सरकारी वकील सहसा ‘शिकवलं’ असाही आरोप ठेवत नसत. आरोप असे ‘शिकवण्याचा कट केला’ असा.

हा ‘कट’ शब्द फार महत्त्वाचा. एरवी कोर्टात ऐकीव पुरावा चालत नाही. अमक्याने तमक्याला काहीतरी सांगितलं, हे तिसऱ्या माणसावर लादता येत नाही. पण कटाच्या आरोपात नियम सैल होतो. कटातल्या एकाने कटाच्या कामासाठी जे म्हटलं, ते बाकीच्यांवरही धरता येतं. आता ‘कट’ म्हणजे अख्खा पक्ष आणि काळ म्हणजे वीस-पंचवीस वर्षं धरली, तर कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी वर्गात कुणीतरी काय म्हणालं, ते होनोलुलूतल्या आरोपीच्या गळ्यात पडू शकतं. आणि पडलंही. मुख्य भूमीवरून साक्षीदार आणले गेले. त्यांनी आपण पक्षात असताना काय शिकलो ते सांगितलं. आरोपींची त्यांनी कधी तोंडंही पाहिली नसतील. बाकी पुरावा पुस्तकांचा. मार्क्स, लेनिन यांतले उतारे ज्युरीसमोर वाचून दाखवायचे. होनोकाला बाउस्लॉग म्हणाल्या की पुराव्याचे नियम गुंडाळून ठेवल्याशिवाय सरकारला असला खटला उभाच करता येत नाही, त्याचा अर्थ हा होता. वाक्य भडक होतं, पण मुद्दा पोकळ नव्हता.

या कायद्याचा पहिला मोठा वापर १९४१ मध्ये मिनियापोलिसच्या ट्रकचालकांच्या युनियनमधल्या ट्रॉट्स्कीवाद्यांवर, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाशी हाडवैर असलेल्या डाव्यांवर झाला. १८ जणांना शिक्षा झाली आणि कम्युनिस्ट पक्षाने तेव्हा सरकारची पाठराखण केली होती. आठ वर्षांनी तोच पाश स्वतःच्या गळ्याभोवती आला. इतिहासाला खोचक विनोद करायची सवय असतेच.

तिसरी गाठ न्यूयॉर्कची, आणि ती समजल्याशिवाय होनोलुलूचं काही कळणार नाही. १७ जानेवारी १९४९ ला मॅनहॅटनच्या फोली स्क्वेअरमधल्या कोर्टात पक्षाच्या ११ राष्ट्रीय पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. तो नऊ महिने चालला, कागदपत्रं झाली १६ हजार पानांची. न्यायाधीश हॅरॉल्ड मेडिना. बचावाचे पाच वकील: हॅरी सॅकर, अब्राहम आयझरमन, जॉर्ज क्रॉकेट, लुई मॅकेब आणि रिचर्ड ग्लॅडस्टीन. यांतले बहुतेक कामगार चळवळीतून आलेले. सॅकर न्यूयॉर्कच्या वाहतूक कामगारांचे, क्रॉकेट डेट्रॉइटच्या मोटार कामगारांच्या युनियनचे, तर ग्लॅडस्टीन सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचे, म्हणजे बाउस्लॉग यांच्याच आय.एल.डब्ल्यू.यू.चे. यांनीही पहिले कित्येक आठवडे ज्युरी कशी निवडली जाते यावरच लढवले. श्रीमंत वस्त्यांतून माणसं उचलली जातात, कामगार आणि काळे लोक वगळले जातात, हा आक्षेप. कामगारांच्या वकिलाची नजर आधी कुठे जाते बघा: समोरच्या बाकावर कोण बसलंय?

मेडिना आणि या पाचांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. आक्षेप, फेटाळणी, पुन्हा आक्षेप, टोमणे, आवाज चढणं. दोन्ही बाजूंनी. १४ ऑक्टोबरला ज्युरीने सगळ्यांना दोषी ठरवलं आणि त्याच दिवशी मेडिनांनी मोर्चा वकिलांकडे वळवला. न्यायालयाचा अवमान केला म्हणून तिथल्या तिथे शिक्षा: सॅकर आणि ग्लॅडस्टीन सहा महिने, क्रॉकेट आणि आयझरमन चार महिने, मॅकेब तीस दिवस.

इथे ‘तिथल्या तिथे’ म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर अवमान झाला तर आरोपपत्र, साक्षीपुरावे, सुनावणी काही लागत नाही. त्याने पाहिलं, त्याने लिहिलं, त्यानेच शिक्षा दिली. हा अधिकार आहे तो चालू कामातला अडथळा ताबडतोब दूर करता यावा म्हणून. पण इथे काम तर संपलं होतं! मग घाई कसली? ज्याच्याशी नऊ महिने भांडण झालं त्याच न्यायाधीशाने निवाडा का करायचा, दुसरा का नको? १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ असा कौल मेडिनांच्या बाजूने दिला. बहुमताचा युक्तिवाद असा की मध्येच वकिलाला तुरुंगात टाकलं तर अशिलाचं नुकसान, म्हणून न्यायाधीश थांबला तर त्यात वावगं काही नाही. वरवर हे समंजस वाटतं. पण याने मूळ प्रश्नाला बगल दिली जाते, कारण थांबल्याने अशिलाचं नुकसान टळलं हे खरं असलं तरी दुसऱ्या न्यायाधीशापुढे सुनावणी न देण्याचं कारण त्यातून मिळत नाही. विरोधी मत देणाऱ्या तिघांपैकी एक होते न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर. हे नाव लक्षात ठेवा.

पाचही जण तुरुंगात जाऊन आले. सॅकर आणि आयझरमन यांच्या सनदा काढून घेतल्या गेल्या. आयझरमन यांना सुप्रीम कोर्टाच्या वकील यादीतून काढताना तर ४-४ अशी मतं पडली आणि बरोबरीतही ते बाहेर फेकले गेले. नंतर कोर्टाने आपला नियमच बदलला. काढायचं तर बहुमत हवं. मग ते परत आत आले.

या सगळ्याचा बाकीच्या वकिलांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. पिट्सबर्गमध्ये स्टीव्ह नेल्सन या पक्षाच्या पुढाऱ्याला राजद्रोहाच्या खटल्यात वकीलच मिळेना. शेवटी तो स्वतःच उभा राहिला आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली (ती पुढे रद्द झाली). कायद्याने प्रत्येकाला वकिलाचा हक्क असतो. पण वकीलपत्र घेणाऱ्याची सनद आणि चूल दोन्ही पणाला लागणार असतील, तर तो हक्क कागदावर राहतो.

अशा हवेत २८ ऑगस्ट १९५१ ला हवाईत सात जणांना पहाटे अटक झाली. युनियनचा प्रादेशिक प्रमुख जॅक हॉल, कामगारांची बाजू घेणाऱ्या साप्ताहिकाचा संपादक कोजी आरियोशी, शाळेतून काढून टाकलेला शिक्षक जॉन रेनेके, चार्ल्स आणि आयलीन फुजिमोतो हे जोडपं, जॅक किमोतो आणि जेम्स फ्रीमन. बाउस्लॉग यांनी वकीलपत्र घेतलं. जोडीला सॅन फ्रान्सिस्कोहून ग्लॅडस्टीन आले. मेडिनांनी दिलेला तुरुंगवास भोगून नुकतेच सुटलेले! पुन्हा तसलाच खटला अंगावर घेणाऱ्या माणसाबद्दल काय म्हणावं, मला खरंच सुचत नाही. होनोलुलूच्या एका फेडरल न्यायाधीशाने तर न्यूयॉर्कच्या त्या शिक्षेवरून त्यांच्यावर आणखी एक शिस्तभंगाची कारवाई काढली.

या खटल्याचा रोख कुठे होता, याचा एक पुरावा युनियनच्याच हाती लागला. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेची माणसं युनियनच्या एका पदाधिकाऱ्याला येऊन भेटू लागली. सूर असा की, हॉलने सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुख्य युनियनशी काडीमोड घेतला तर त्याच्या बाबतीत काहीतरी बघता येईल. युनियनने ही बोलणी गुपचूप टेप केली आणि जाहीर केली. देशाला धोका असलेल्या माणसाशी असला सौदा करायला निघणं म्हणजे धोका नेमका कशाचा वाटत होता, ते कामगारांना वेगळं सांगावं लागलं नाही.

खटला ५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झाला. १९ जून १९५३ ला सातही जण दोषी ठरले. सहा जणांना पाच वर्षं आणि ५ हजार डॉलर दंड, आयलीन फुजिमोतोला तीन वर्षं आणि २ हजार. निषेध म्हणून हजारो कामगार काम टाकून बाहेर पडले. आरोपी मात्र जामिनावर बाहेरच राहिले, आणि अपील रेंगाळणं पहिल्यांदाच त्यांच्या पथ्यावर पडलं. कारण १७ जून १९५७ ला सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या येट्स खटल्यात एक बारीक पण निर्णायक रेघ ओढली. ‘एक दिवस क्रांती होणारच आणि ती योग्यच’ हे मानायला शिकवणं वेगळं, आणि ‘उठा, हे हे करा’ असं कृतीला प्रवृत्त करणं वेगळं. पहिलं बोलणं म्हणजे मत. गुन्हा फक्त दुसरं. सरकारकडे होता तो बहुतेक सगळा पुरावा पहिल्या प्रकारचा, पुस्तकं आणि वर्ग. जानेवारी १९५८ मध्ये हवाईच्या सातांची शिक्षा रद्द झाली.

अशील सुटले. वकील अजून अडकलेल्याच होत्या.

होनोकाच्या भाषणावरून बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, तक्रार केली. १९५६ मध्ये हवाईच्या सुप्रीम कोर्टाने एक वर्षाचं निलंबन ठोठावलं. आरोप काय, तर चालू खटल्याविषयी बाहेर बोलून त्यांनी तो खटला चालवणारे न्यायाधीश जॉन विग यांच्या सचोटीवर शिंतोडे उडवले. भाषणाचं शब्दशः टिपण नव्हतं, होती ती बातमीदाराने जेवढं टिपलं तेवढीच वाक्यं. मधल्या काळात बाईंनी पुन्हा लग्न केलं होतं, म्हणून सुप्रीम कोर्टातला हा खटला त्यांच्या नव्या आडनावाने, सॉयर, ओळखला जातो.

याच वर्षांत त्या आणखी एक लढाई लढत होत्या, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जेम्स मेजर्स आणि जॉन पलाकिको या दोन हवाईयन तरुणांना खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. यांच्याकडे ना युनियन, ना पैसा. १९५१ मध्ये फाशीला काही तास उरले असताना बाउस्लॉग त्यात पडल्या, स्थगिती मिळवली आणि अर्जामागून अर्ज करत राहिल्या. १९५४ मध्ये गव्हर्नरने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १९५७ मध्ये हवाईने फाशीची शिक्षाच काढून टाकली. कम्युनिस्टांची वकीलबाई म्हणून नाव झालेलं असताना ज्या प्रकरणात कवडीचा फायदा नव्हता, ते त्यांनी सर्वांत चिवटपणे लढवलं.

२९ जून १९५९ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निलंबन रद्द केलं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भाषणातलं एकेक वाक्य तपासलं. कायदा वाईट आहे असं म्हणणं हा न्यायाधीशाचा अपमान नाही. न्यायाधीशाने कायद्याचा चुकीचा अर्थ लावला, असं म्हणण्यानेही त्याच्या सचोटीला धक्का लागत नाही. वकील अपिलात रोज तेच म्हणतात. विरोधी मत लिहिलं ते फ्रँकफर्टर यांनी. सात वर्षांपूर्वी मेडिनांनी शिक्षा दिलेल्या वकिलांसाठी बहुमताविरुद्ध उभे राहिलेले तेच. त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. ज्याच्यावर आरोप झाले त्या न्यायाधीशाने स्वतः निवाडा करू नये, आणि ज्या वकिलाचा खटला चालू आहे त्याने बाहेर सभा घेऊ नये. दोन्हीकडे त्यांना कोर्टाचं कामकाज कोर्टातच, थंड डोक्याने व्हायला हवं होतं. मला हे मत पटत नाही, कारण ज्या लोकांच्या वर्गणीतून खटला चाललाय त्यांना त्याचा हिशेब द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा? पण ते प्रामाणिक आहे.

आता त्या पाच मतांकडे जरा वाकून बघू. पाचवं मत पॉटर स्टुअर्ट यांचं. ते म्हणाले, आरोप सिद्ध झाला नाही म्हणून मी हो म्हणतो. पण वकिलाला इतर नागरिकांइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे, असा सूर कुठे असेल तर तो मला मान्य नाही. वकिली पत्करली की काही बोलण्याला मुरड घालावी लागते. म्हणजे निकालात बाउस्लॉग ५-४ ने जिंकल्या, आणि तत्त्वाच्या मुद्द्यावर मोजलं तर ४-५ ने हरल्या.

हे गणित कुणीतरी कधीतरी करणारच होतं. १९९१ मध्ये नेवाडातल्या एका वकिलाचं पत्रकार परिषदेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं तेव्हा सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी स्टुअर्ट आणि ते चार विरोधक अशी बेरीज केली आणि चालू खटल्यातल्या वकिलाच्या बोलण्यावर जास्त बंधनं घालता येतात, असं ठरवलं. तो वकीलही गंमत म्हणजे स्वतःपुरता जिंकला, नेवाडाचा नियम फार संदिग्ध होता म्हणून. हॅरिएट बाउस्लॉग तेव्हा हयात होत्या.